ओटीवरचं माणूस

१

सत्त्याण्णव साली आम्ही आमची फियाट विकायला काढली, तेव्हा तिला काय भाव येईल याची मला फारशी फिकीर नव्हती. धास्ती होती ती गाडी बघायला घरी येणाऱ्या अनोळखी माणसांची. भुईगावातलं आमचं घर अगदी कडेला आहे. दोन्ही अंगांना केळीची वाडी, समोर अरुंद रस्ता, आणि शेजारच्या प्लासिडला हाक मारायची तर छातीत दम भरून मारावी लागते. घरात माणसं तीन. मी, माझी बायको डेल्फिन आणि पहिलीतली व्हिव्हियन. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, नवस-नोव्हेना सगळं करून झाल्यावर पदरात पडलेलं हे एकुलतं एक लेकरू. ती झाल्यापासून मी भित्रा झालो असं डेल्फिन म्हणायची. सावध झालो, असं माझं म्हणणं.

त्यात माझी नोकरी ऑडिटमधली. समोरचा खरं बोलतोय असं गृहीत धरायला आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. ताक असो की ताडी, मी फुंकूनच पितो.

गाडी पपांची. पपा वारले आणि वर्षभरात मला कुवेतला नोकरी लागली. तिघंही जाणार होतो. गाडी चालवायची ती डेल्फिन, पपांनीच तिला हौसेने शिकवलेली. मला सायकलपलीकडे काही येत नाही. तेव्हा गाडी ठेवायचा प्रश्नच नव्हता.

वसईच्या एका साप्ताहिकात छोटी जाहिरात दिली आणि मी माझे नियम ठरवले. गाडी दाखवायची ती रविवारी, उजेडात. आर.सी. बुकाची झेरॉक्स दाखवायची, मूळ बुक कपाटात, कुलपात. व्यवहार पुरा होईपर्यंत ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही नाही. फेरी मारायला गिऱ्हाइकाच्या एकट्याच्या हाती गाडी द्यायची नाही. आणि शेवटचा नियम पपांचा. तो ऐकून डेल्फिन पोट धरून हसली.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

२

पपांच्या उमेदीत आमच्या विहिरीवर रहाट होता आणि रहाटाला रेडा. रेडा विकायचा तर गिऱ्हाईक आधी त्याला आपल्या विहिरीवर नेऊन जुंपून बघायचं. सरळ चालतो का, मध्येच फतकल मारून बसतो का, ते जुंपल्याशिवाय कळत नाही. पण परक्याच्या हाती रेडा द्यायचा कसा? म्हणून गिऱ्हाईक आपलं घरचं एक माणूस आमच्या ओटीवर ठेवून जायचं. भाऊ, चुलता, कुणीही. त्या माणसाला चहा-जेवण आम्ही द्यायचं, पाहुणचारात काही कमी करायचं नाही. मात्र रेडा परत अंगणात येईपर्यंत त्याने ओटी सोडायची नाही. रेडा आला की पपा त्याच्या पाठीवर थाप मारायचे, कान बघायचे, हा आपलाच अशी खात्री करायचे आणि मग ओटीवरच्या माणसाला म्हणायचे, "ऊठ." तेव्हा तो उठायचा.

मी लहान असताना पपांना विचारलं होतं, की रेडा परत आलाच नाही तर? पपा म्हणाले, "येतो. माणूस आहे ना आपल्याकडे."

पुढे मोटारपंप आले, रहाट मोडला, रेडे गेले. ओटीवर माणूस बसवायची पद्धतही गेली. पण मला वाटलं, जी पद्धत रेड्याला चालली ती फियाटला न चालायला काय झालं? उलट रेड्यापेक्षा फियाट पळवणं सोपं.

३

जाहिरात बघून फोन केला तो जितेशने, विरारला फ्लॅटमध्ये राहणारा, मुंबईत नोकरी करणारा तरुण. फोनवर मी अट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "चालेल सर, नो प्रॉब्लेम. माझी मावशी आगाशीला असते, तिला घेऊन येतो. तिची पण आउटिंग होईल."

रविवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर दोघं रिक्षाने आली. मावशी साठीच्या पुढची, स्वच्छ सुती पातळ नेसलेली, बोलायला मोकळी. ओटीच्या बाकावर तिने बैठक मारली आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. डेल्फिनने तांब्या-भांडं आणलं.

"पानी गोड हाय गो बाय तुझ्या विहिरीचं," मावशी म्हणाली.

डेल्फिन खूश झाली. तिने चहा केला, आणि केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणून मावशीच्या हातात ठेवली. दोघींची अशी गट्टी जमली की मी माझ्या नियमांसकट बाजूला पडलो. जितेशने बॉनेट उघडून इंजिन बघितलं, चाकांवर लाथा मारून बघितल्या, डिकी दोनदा आपटली. माणूस मला बरा वाटला. घासाघीस करायच्या आधी जो गाडी नीट बघतो तो सहसा लबाड नसतो.

"मी जाते बरोबर," डेल्फिन म्हणाली. "क्लच कसा दाबायचा ते त्याला दाखवायला हवं. वसईपर्यंत जाऊन येतो."

एरवी मी तिला परक्या माणसाबरोबर जाऊ दिलं नसतं. पण त्याची मावशी माझ्या ओटीवर होती. तेव्हा माझी बायको त्याच्या शेजारी बसायला हरकत नव्हती. व्हिव्हीलाही जायचं होतं. तिला मी नाही म्हटलं, तशी ती रुसून मावशीला चिकटून बसली. गाडी फाटकातून बाहेर पडली, उजवीकडे वसईच्या रस्त्याला लागली, आणि केळींच्या आड तिचा आवाज कमी कमी होत गेला.

४

मावशीने व्हिव्हीला सागरगोटे खेळायला बसवलं. मी वर्तमानपत्र घेतलं. ऊन अंगणाच्या निम्म्यावर आलं होतं. मावशी मध्येच मला आगाशीच्या बाजाराचं काहीबाही सांगत होती आणि मी हूं हूं करत होतो. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की पपांचा नियम मी अजून दोन-चार जणांना सांगायचं ठरवलं.

मग वर्तमानपत्रावरून नजर उचलली तर गाडी फाटकात शिरत होती.

आवाज आला नव्हता, ही पहिली गोष्ट. मी स्वतःला सांगितलं की डेल्फिन पेट्रोल वाचवायला कधी कधी गाडी न्यूट्रलमध्ये सोडते. दुसरी गोष्ट मात्र मला तशी उडवता आली नाही. गाडी डावीकडून आली होती. आमच्या घरावरून डावीकडे जाणारा रस्ता सुरूच्या बनात संपतो. त्यापुढे समुद्र आहे. उजवीकडे गेलेली गाडी डावीकडून येईल कशी?

ओहोटी असेल, मी म्हटलं. पोरं ओहोटीला वाळूवरून गाड्या पळवतात. जितेशला हुक्की आली असेल आणि डेल्फिनने नाही म्हटलं नसेल. मी ओटीवरून उतरून गाडीपाशी गेलो. चाकांना वाळूचा कणही नव्हता.

पपा रेड्याच्या पाठीवर मारायचे तशी मी बॉनेटवर थाप मारली. सवयीनेच, थोडी गंमत म्हणून. पत्रा गार होता. दुपारच्या उन्हात उभी राहिलेली गाडीसुद्धा हात भाजवते, आणि ही तर वसईला जाऊन आलेली. मी तळहात तसाच टेकवून ठेवला.

५

डेल्फिन उतरली. तीच साडी, तीच पर्स, कपाळावर आलेले तेच केस. जितेश उतरला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून तो समोर बघत बसला.

"झाली काय रे फेरी, जितू?" मावशीने ओटीवरून विचारलं.

त्याने मान वळवली. तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून सभ्यपणे म्हणाला, "या कोण?"

मावशी हसली. "बघा, गाडीत बसला नि मावशीला इसरला."

तो हसला नाही. चेष्टा करताना माणसाच्या तोंडावर काहीतरी हलतं, ते काहीच हललं नाही. इतक्यात डेल्फिन पायऱ्या चढून वर गेली, तिच्या पाठोपाठ मीही. व्हिव्हीच्या केसांतून हात फिरवला, मावशीकडे बघितलं, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "निकोलस, कोण आल्यात या? मला आधी सांगायचं तरी. घरात चहाची पूडसुद्धा बघितली नाही मी."

मावशीच्या हातात तिनेच दिलेली सुकेळी होती. बाकाखाली तिनेच भरून दिलेला कप पडला होता, तळाशी चहाचा चोथा.

"डेल्फिन, पुरे," मी म्हटलं.

"काय पुरे?"

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू एव्हाना ओसरलं होतं. तिने गाडीकडे बघितलं, मग डेल्फिनकडे, मग परत गाडीकडे. हातातली सुकेळी तिने बाकावर ठेवून दिली.

"बाबा," ती मला म्हणाली, "हा माझा जितू नाय."

६

डेल्फिन स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागोमाग मी गेलो. डोकं चालवायचं मी ठरवलं. चक्कर आली असेल, ऊन लागलं असेल, रस्त्यात काही घडलं असेल आणि दोघांनाही त्याचा धक्का बसला असेल. असं होतं म्हणतात. मी तिला विचारायला सुरुवात केली, अगदी ऑडिटला बसल्यासारखी. सकाळी मिस्साला कोणत्या फादरांनी प्रवचन दिलं? तिने सांगितलं. आपण लग्नात पहिल्यांदा कशावरून भांडलो? तिने तेही सांगितलं, वर चिडवलंही. पपा जाताना शेवटचं काय बोलले? ते फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. तिने ते शब्द जसेच्या तसे म्हटले.

माझं नुसतं नावच काय, माझं सगळं आयुष्य तिला पाठ होतं. नव्हतं ते एकच. ओटीवर कुणाला तरी बसवलं आहे, एवढंच तिला माहीत नव्हतं. गाडीत बसलेल्या त्यालाही नव्हतं.

मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. इतकं सगळं बरोबर सांगणारी बाई माझी बायको नसेल तर कोण असेल? एखादी गोष्ट विसरतं माणूस. तिला आठवावं म्हणून मी पहिल्यापासून सांगायला लागलो. पपांचा रेडा, ओटी, गिऱ्हाइकाचं माणूस, सगळं. ती हातातलं काम सोडून ऐकू लागली. डेल्फिनने ही गोष्ट शंभरदा ऐकून शंभरदा हसण्यावारी नेली होती. ही हसली नाही.

"म्हणजे नेताना बदल्यात माणूस ठेवायचं," ती म्हणाली.

"हो."

"आणि नेलेलं परत नाही आणलं तर?"

"तर माणूस राहतं."

"कुठवर?"

"येईपर्यंत," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, समजल्यासारखी. मग व्हिव्हीला हाक मारली आणि पाय धुवायला म्हणून तिला घेऊन मागच्या दाराने विहिरीकडे गेली. व्हिव्ही उड्या मारत गेली. पोरांना कळतं म्हणतात. माझ्या पोरीला काही कळलं नाही, आणि त्यामुळेच मला वाटलं की माझंच डोकं फिरलं आहे.

ओटीवर मावशी तशीच बसून होती. मी तिला म्हटलं, चला, तुम्हाला रिक्षात बसवून देतो, तुमच्या भाच्याला बरं वाटत नाहीये. ती बाकाची कड धरून बसली.

"तुमी मला गाडीसाठी बसवलात ना? मग गाडी येऊ दे. तवर मी उठनार नाय."

"गाडी आलीय ना मावशी. ही काय समोर."

"ती नाय," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

७

फोन वाजला. तो आतल्या खोलीत, भिंतीला लावलेला. मी धावत जाऊन उचलला. धावायचं काही कारण नव्हतं.

"निकोलस, मी बोलतेय. आगाशीतून, एसटीडी बूथवरून. रागावू नको. जितेशला त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवायची होती म्हणून वसईहून इकडे आलो, आणि इथे चाक पंक्चर. स्टेपनीतही हवा नाही. तो ट्यूब आणायला गेलाय. मावशींना सांग, काळजी करू नका म्हणावं. त्यांना परत चहा दे. हॅलो?"

मी रिसीव्हर कानाला दाबून धरला आणि खिडकीकडे वळलो.

"निकोलस? व्हिव्हीने दूध घेतलं का?"

खिडकीबाहेर विहिरीपाशी पाणी ओतल्याचा आवाज झाला, आणि व्हिव्ही खिदळली, आणि तिच्याबरोबर डेल्फिन हसली. डेल्फिन हसताना शेवटी एक उचकी देते. ती उचकीही मला ऐकू आली.

फोनमध्ये आता मागचा बाजारातला गलका तेवढा ऐकू येत होता.

"कोण हसतंय तिथे?" डेल्फिनने विचारलं. "निकोलस, माझ्यासारखं कोण हसतंय?"

रिसीव्हर माझ्या हातातून सुटला. तो वायरला लोंबकळत भिंतीवर आपटत राहिला, आणि त्यातून ती माझं नाव घेत राहिली. मी मागच्या दाराला गेलो. विहिरीपाशी ओली फरशी होती. दोघी नव्हत्या.

८

अंगणात आलो तर व्हिव्ही गाडीच्या मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी होती, मागच्या काचेला नाक लावून. स्टेअरिंगवर ती बसली होती. आणि इतका वेळ खाली न उतरलेला जितेश, किंवा जो कोण होता तो, ओटीच्या पायऱ्या चढत होता. तो बाकावर मावशीपासून थोडं अंतर सोडून बसला. हात मांडीवर ठेवले. मावशी सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली.

मी गाडीच्या दाराची मूठ धरली. दार उघडेना. काच अर्ध्यावर होती.

"हिला एक फेरी मारून आणते," ती म्हणाली. आवाजात माया होती, हे सगळ्यांत भयंकर. "मघाशी नाही म्हटलंस म्हणून रुसलीय. तुमच्यात माणूस ठेवतात ना? तो बसेल."

तेव्हा मी काच फोडायला हवी होती. चाकाखाली पडायला हवं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण ते डेल्फिनचं तोंड होतं, आणि आईने मुलीला गाडीतून फिरवायला नेऊ नये असं सांगायला मला शब्द सापडेनात. एवढ्यात गाडी मुठीसकट माझ्या हातातून निसटली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही.

"पप्पा, टाटा," व्हिव्ही म्हणाली.

गाडी डावीकडे वळली. मी धावलो. अनवाणी, लुंगी वर धरून, ओरडत. प्लासिड माझा आवाज ऐकून कुऱ्हाड घेऊन मागे आला. वाट तिथून सरळ आहे, बनापर्यंत सगळी दिसते. गाडी आमच्या पुढे होती. मग सुरूच्या बनात ऊन-सावलीचे पट्टे पडलेले असतात त्यांतल्या एका पट्ट्यात ती शिरली, आणि पुढच्या पट्ट्यात निघाली नाही. एवढंच मी बघितलं. प्लासिडनेही एवढंच बघितलं.

भरती होती. पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आलं होतं. वाळू कुठे शिल्लकच नव्हती. त्या वाटेने दुपारभर कुणी येऊ शकलं नसतं आणि जाऊही शकलं नसतं.

९

दिवे लागायच्या सुमाराला फियाट उजवीकडून आली, हॉर्न वाजवत, चाकाला नवी ट्यूब, बॉनेट तापलेलं. तिला बघून मावशी उठून उभी राहिली आणि तिथेच मटकन खाली बसली. डेल्फिन गाडीतून उतरली ती "व्हिव्ही कुठाय?" असं विचारतच. जितेश तिच्या मागे होता. त्याची नजर ओटीवर गेली, बाकावर बसलेल्या स्वतःवर गेली, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. मावशीला त्याने जवळजवळ उचलून नेलं. तो पुन्हा कधी आमच्याकडे आला नाही. मी त्याला दोष देत नाही.

पोलिसांत गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलीला कुणी नेलं? तिच्या आईने. आई कुठाय? ही माझ्या शेजारी. कोणत्या गाडीतून? ती बाहेर उभी आहे. त्याने पेन खाली ठेवलं.

त्या रात्री डेल्फिनने बाकावरच्या त्याला मारलं. आधी हातांनी, मग मुसळाने. तो बसून राहिला. प्लासिड आणि त्याचा भाऊ मार्सेल त्याला दोरीने बांधून पोलिसांच्या हवाली करायला निघाले, दोघांनी त्याच्या काखांत हात घातले, आणि मी आडवा पडलो. "उठवू नका," मी म्हणालो. "तो उठला तर संपलं." त्यांना वाटलं मला वेड लागलं. डेल्फिनला मात्र कळलं. मुसळ टाकून ती आत गेली आणि त्याच्यासाठी भाताचं ताट घेऊन आली. ताट तिने त्याच्यापुढे ठेवलं.

आम्ही कुवेतला गेलो नाही. वाडीवाल्यांनी वाड्या विकून इमारती उभ्या केल्या, रस्ता रुंद झाला, बिल्डर आमच्याकडेही येऊन गेले. मी घर विकलं नाही. विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो, दूरचा नातलग आहे, डोक्याने अधू. फियाट शेडमध्ये आहे. तो बाकावर आहे. देऊ ते खातो, उन्हापावसाची तक्रार करत नाही. आपणहून बोलतही नाही, आणि त्याला काही विचारायचं धाडस आम्हाला कधी झालं नव्हतं.

यंदा व्हिव्हीच्या वाढदिवसाला डेल्फिनने केक केला आणि एक तुकडा त्याला नेऊन दिला. तो खाताना ती तिथेच उभी राहिली. मी दारात होतो.

"तुझं तिथे कोण आहे?" तिने विचारलं.

तो थांबला. तोंडातला घास गिळला. "बायको आहे," तो म्हणाला. "मुलगी आहे."

डेल्फिन हलली नाही.

"केवढी झाली?"

त्याने हात उचलला आणि बाजूच्या भिंतीपाशी धरला. मग जरा विचार करून आणखी थोडा वर नेला. डेल्फिन त्या हाताकडे बघत राहिली. नंतर तिने आत जाऊन पेन्सिल आणली आणि तो हात होता तिथे भिंतीवर रेघ ओढली.

"आता उठू का?" त्याने मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तो फार थकलेला दिसत होता. त्याच्यासाठीही तिकडून कुणी आलं नव्हतं.

"बस," मी म्हणालो.